दुःखातल्या माणसाला देवाशी भांडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांबद्दल जे येतं ते बहुतेक नाताळच्या आठवड्यात येतं, चर्चची रोषणाई, केक, कॅरल वगैरे, वाचून छान वाटतं. पण आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समूहांमध्ये, वर्षभर ज्या एका गोष्टीने माणसं आतून मोडतात त्यावर कुणी काही लिहित नाही म्हणून हे पत्र. घरात आजारपण आलं, माणूस गेलं, नोकरी गेली, कर्ज झालं की ख्रिस्ती माणसाने प्रार्थना कशी करायची, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर काय लादू नये, हा विषय आहे.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंचे मिस्टर डायलिसिसवर होते. घरी प्रार्थनासभा ठेवली होती, सतरंजी टाकलेली, खिडकीत औषधांची पिशवी आणि रिपोर्टची फाईल, गाणी झाली आणि विनंत्या सांगायची वेळ आली तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या की मी रोज मागते पण देव ऐकतच नाही असं वाटायला लागलंय. झालं! लगेच दोघीतिघी म्हणाल्या असं तोंडातून काढू नका, विश्वास ठेवा, उपकारस्तुती करा, आणि बाहेरगावहून आलेले एक भाऊ तर सगळ्यांसमोर म्हणाले घरात काही लपलेलं पाप आहे का ते तपासा. ताईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि शेवटपर्यंत सगळ्यांच्या आमेनला आमेन म्हणत राहिल्या, पण त्यानंतर त्या सभेला यायच्याच बंद झाल्या. मला त्या भाऊंचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही, कारण नवरा अंथरुणावर असलेल्या बाईच्या पदरात ते अजून एक ओझं टाकून गेले.

आणि हे सगळं शास्त्राच्या नावावर चालतं म्हणून जास्त त्रास होतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली साधारण एक तृतीयांश रडण्याची, तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं 'देवा किती काळ मला विसरणार' या प्रश्नाने. अठ्ठ्याऐंशीवं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखात आहे, शेवटची ओळसुद्धा अंधारावर संपते, तिथे कुणी घाईघाईने हालेलूया जोडलेलं नाही. लोकांनी ही स्तोत्रं शेकडो वर्षं मंदिरात गायली. बायबलमधल्या ईयोबाचं बघा, सगळं गमावलेला नीतिमान माणूस. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल हे पालुपद सुरू केलं. शेवटी देव रागावला तो मित्रांवर! आणि देवाला थेट जाब विचारणाऱ्या ईयोबाबद्दल देव म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते हाच बोलला. आमच्या त्या सभेतले भाऊ या मित्रांच्याच रांगेतले.

दरवर्षी गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आपण चर्चमध्ये बसतो, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकतो, चौथ्या उद्गाराला, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', कितीतरी जणांच्या डोळ्यात पाणी येतं. हे प्रभूचे स्वतःचे शब्द आणि तेही बाविसाव्या स्तोत्रातून घेतलेले. मग तोच प्रश्न आपल्या मंडळीतल्या एखाद्या विधवेने विचारला तर तो अविश्वास कसा होतो हे मला कुणी समजावून सांगावं.

अटक होण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने प्रार्थना कशी केली ते मला वाटतं प्रत्येक दुःखी माणसाने हळूहळू वाचावं. आधी तो मित्रांना सांगतो माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, इथे थांबा, जागे राहा. म्हणजे त्यालाही सोबत हवी होती. मग सरळ मागतो की हा प्याला, म्हणजे हे दुःख, टळू दे. पालथा पडून, घाम गाळून, एकदा नाही तर तीनदा तेच मागणं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्या मागण्याबरोबर येतं, मागणं गिळून टाकून येत नाही. आपल्याकडे मात्र पहिला भाग बोलूच देत नाहीत आणि दुसरा भाग पहिल्याच दिवशी म्हणून घेतात, मयताच्या घरी सुद्धा, अजून माती व्हायची असते आणि तिथे देवाची इच्छा होती ताई असं सांगणारे हजर असतात.

आणि विश्वास कमी पडला म्हणून बरे झाले नाहीत असं जे सांगतात त्यांनी प्रेषित पौलाचं काय ते सांगावं. देहातला काटा, म्हणजे सततचा एक त्रास, काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा राहिला, उत्तर आलं 'माझी कृपा तुला पुरे आहे'. त्रफिम नावाचा सोबती आजारी होता तर त्याला मिलेतात ठेवून पौल पुढे गेला. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सल्ला दिला. आणि पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. म्हणून गोळ्या बंद करा आणि फक्त प्रार्थना करा असं जो कोणी सांगेल, मग तो कितीही मोठा सेवक असो, त्याचं अजिबात ऐकू नका, इन्सुलिन चालू ठेवा, डायलिसिस चालू ठेवा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलं ते प्रार्थना करणाऱ्या लोकांनीच ना.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला नेहमी आठवतं. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ ला नवरा कॉलऱ्याने गेला तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती, आणि पुढे १९२१ साली ती मनोरमाही गेली आणि वर्षाच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, बाई स्वतः गेल्या. इतकी प्रार्थना करणारी बाई महाराष्ट्रात क्वचितच झाली असेल. मग तिचा विश्वास कमी होता म्हणायचं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबायकांना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन वाढलं, तिथे प्रार्थनाही होती आणि शेती, शाळा, छापखानाही होता. स्वतः भूक बघितलेल्या बाईची प्रार्थना दुसऱ्याच्या ताटापर्यंत गेली.

आता प्रत्यक्षात काय करावं तर माझं मत सांगते. दुःखात लांबलचक प्रार्थना जमत नाही, जमली पाहिजे असंही नाही. प्रभू दया कर एवढं बास आहे. शब्दच सुचत नसतील तर स्तोत्र तेरा किंवा एकशे तीस मोठ्याने वाचा, ते शब्द तुमचेच समजा, नाहीतर प्रभूची प्रार्थना म्हणा. आम्ही प्रॉटेस्टंट लोक पाठ प्रार्थनेला नाक मुरडतो पण वसईकडच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीने आई आयसीयूत असताना रात्रभर रोझरी, म्हणजे प्रार्थनेची जपमाळ, धरली होती, ती म्हणायची डोकं चालत नव्हतं पण हात चालत होते. तेही जमलं नाही तर कण्हा, पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की पवित्र आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. राग आला असेल तर राग देवालाच सांगा, तो देवाला सोडून जाण्यापेक्षा बरा.

आणि भेटायला जाणाऱ्यांनी आधी विचारावं, प्रार्थना करू का, की नुसती बसू? डबा घेऊन जा, हॉस्पिटलमध्ये एक रात्र थांबा म्हणजे घरचं माणूस झोपेल, मग प्रार्थना करा, दोन मिनिटांची. देवाने माझं कसं भलं केलं ही साक्ष सांगायची वेळ ती नाही.

पाळकसाहेबांना माझी एक विनंती आहे. रविवारच्या उपासनेत महिन्यातून एकदा तरी विलापाचं स्तोत्र वाचा, अठ्ठ्याऐंशीवं सुद्धा वाचा आणि त्यानंतर लगेच टाळ्यांचं गाणं लावू नका, थोडा वेळ तसंच बसू द्या लोकांना. आणि साक्षीच्या वेळेला ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेलेली नाही त्यांनाही माईक द्या.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर