कोळ्याच्या रेशमाची बातमी अर्धीच येते

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कोळ्याचं रेशीम लॅबमध्ये बनवलं, स्टीलपेक्षा मजबूत वगैरे, अशा बातम्या पेपरात अधूनमधून येतात आणि दरवेळी सगळं कौतुक जीनचंच असतं, धागा ओढला कसा यावर एक ओळ नसते. खरी अडचण तर तिथेच आहे. कॅनडाच्या नेक्सिया कंपनीने कोळ्याचा जीन घालून शेळीच्या दुधात रेशमाचं प्रोटीन आणायचा घाट घातला होता, 2002 साली त्यांच्या प्रोटीनचा धागाही निघाला, पण ताकद कमी पडली आणि पुढे कंपनीच बंद झाली.

कोळ्याच्या पोटात हे प्रोटीन पाण्यात विरघळलेलं, घट्ट पाकासारखं असतं. तिथून ते निमुळत्या नळीत येतं, नळीत आम्लता वाढते, क्षार बदलतात, त्यात ओढ बसते आणि मग रेणू एका दिशेला लागून अ‍ॅलनिनचे (हे प्रोटीनच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) तुकडे एकमेकांना धरून बारीक स्फटिक होतात. ना भट्टी ना तेजाब! स्वीडनमध्ये अ‍ॅना रायझिंग आणि यान योहान्सन यांच्या टीमने 2017 मध्ये याचीच नक्कल केली, बॅक्टेरियात बनवलेलं रेशमाचं प्रोटीन काचेच्या बारीक नळीतून आम्लाच्या पाण्यात सोडलं, बॅक्टेरिया वाढवलेल्या लिटरभर कल्चरमधून किलोमीटरभर धागा काढला. मोठंच काम आहे ते, तरी ताकदीत खरा कोळी अजून बराच पुढे आहे.

आणि ऑक्सफर्डच्या शाओ आणि फोलरात यांनी तर 2002 मध्येच दाखवलं होतं की साध्या तुतीच्या अळीच्या तोंडातून धागा जरा जास्त वेगाने, एकसारखा ओढला तर तो कितीतरी मजबूत होतो. अळी एरवी मान आठच्या आकड्यासारखी फिरवत, थांबत थांबत ओढते ना, तिथे फरक पडतो. प्रोटीन तेच, जीनला हातही लावला नाही!

आता आपलं बघा. भंडारा गडचिरोलीत ऐनाच्या झाडांवर टसरच्या, म्हणजे रानातल्या रेशमाच्या, अळ्या पाळतात, आणि टसरच्या प्रोटीनमध्ये कोळ्यासारख्याच अ‍ॅलनिनच्या लांब ओळी असतात, तुतीच्या रेशमात तशा नसतात. म्हणजे कच्चा माल जंगलात आहे, पण आपल्याकडे चर्चा होते ती फक्त कोशाच्या भावाची आणि साडीची. विदर्भातल्या विद्यापीठांत टसरचा धागा ओढण्यावर कुणी काम करतंय का, नसेल तर का नाही, हे तुमच्या प्रतिनिधींनी जाऊन विचारावं आणि छापावं, एवढी मनापासून विनंती.

एक वाचक, भंडारा