आयुक्तसाहेब, मैदानावर सावली हवी आहे

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

अर्जाच्या सुरुवातीला विषय लिहायचा असतो. माझा एका शब्दाचा आहे : सावली.

मी परळला राहते. गेली बावीस वर्षं वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवते. मैदान पालिकेचं, खांब आमचे, आखणीचा चुना वर्गणीतून. मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तेवढ्याच मैदानाची पाहणी होते, दोन बाकडी रंगवून मिळतात आणि फाइल बंद होते.

पूर्वी आमचा सराव चारला सुरू व्हायचा. आता मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात, साडेपाचच्या आत मुलींना पाटीवर बसवायची माझी हिंमत होत नाही. खो-खोत आठ जणी मधल्या पाटीवर बसलेल्या असतात, हात जमिनीला टेकवून. दुपारभर तापलेल्या मातीवर तळवा टेकवून बघा एकदा. गेल्या उन्हाळ्यात एका तेरा वर्षांच्या मुलीने सूर मारला आणि ती उठलीच नाही. चक्कर आली होती. दोघींनी उचलून सावलीत न्यायचं म्हटलं, तर अख्ख्या मैदानात सावली होती ती शौचालयाच्या भिंतीची. तिथे निजवली. नळाला पाणी नव्हतं, शेजारच्या रसवंतीवाल्याने बर्फ दिला. पोरगी दहा मिनिटांत उठून बसली आणि 'समोरची आऊट झाली का?' म्हणून विचारायला लागली. हसलो सगळे. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मैदानावर त्याच्या आधीच हाल सुरू होतात, कारण आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच सांताक्रूझचा पारा ३८च्या पुढे गेला. त्याच वर्षी २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला, ठरलेल्या ११ जूनच्या दोन आठवड्यांहून जास्त आधी. सुट्टीतलं शिबिर अर्धं उन्हाने खाल्लं, उरलेलं चिखलाने.

ऊन आहे तर घरात बसा, असं कुणी म्हणेल. कुठल्या घरात? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. माझ्या मुलींपैकी कित्येकींची घरं त्याहून लहान, काहींच्या डोक्यावर पत्रा. रात्रपाळीचा बाप झोपलेला, धाकटं रडतंय, गॅस पेटलेला. मैदान म्हणजे त्यांच्या घराची बाहेरची खोली आहे. तिथे संध्याकाळचे दोन तास मिळाले नाहीत तर त्या मुली जिन्यात बसतात, मोबाइल घेऊन.

आणि मैदानं तरी किती उरलीत? माझे वडील गिरणीत होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे : एक मालकाला, एक म्हाडाच्या घरांना, एक पालिकेला, बागा-मैदानांसाठी. सुमारे ६०० एकरांची गिरणगावची जमीन. तो वाटा आला असता तर आज मी हे पत्र लिहीत नसते, बहुधा कुठल्या तरी झाडाखाली शिट्टी फुंकत असते. २००१ मध्ये दुरुस्ती आली : वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, शेड उभी आहे तिची नाही. गिरणीत रिकामी जमीन असते किती? हायकोर्टाने आमच्या बाजूने कौल दिला होता, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. आता चारला पूर्वेला बघितलं की टॉवर दिसतात. त्यांची सावली सकाळी पडते, मुली शाळेत असताना.

म्हणून माझं मागणं मैदानाच्या पश्चिम कडेचं आहे. चार ते साडेसहा ऊन तिकडून येतं. त्या कडेला पसरणारी झाडं लावा : पर्जन्यवृक्ष, सोनमोहोर, करंज, जे तुमच्या उद्यान खात्याला योग्य वाटेल ते. फक्त पाम नको. पामची सावली एका माणसाला पुरत नाही, तीही तो माणूस सरळ उभा राहिला तर. बुंध्याभोवती सिमेंट ओतू नका. मैदानात पेव्हर ब्लॉक आणि प्लास्टिकचं गवत नको. दोन्ही मातीहून जास्त तापतात, आणि त्यावर सूर मारला की गुडघ्याची सालं निघतात. मातीवर रोज तीनला पाणी मारायला माणूस द्या. झाडं मोठी होईपर्यंत त्याच कडेला बांबू रोवून हिरवी जाळी बांधली तरी चालेल. खर्च मंडपवाल्याला विचारून सांगू शकते.

पालिकेला मैदानाची किंमत कळत नाही असं मी म्हणणार नाही. हिंदमाता चौकात तुंबणारं पावसाचं पाणी साठवायला तुम्हीच आमच्या परळ-दादरच्या मोकळ्या जागांखाली टाक्या बांधल्यात, आणि त्याचा उपयोग झाला आहे. मलबार हिलचा ४८५ मीटरचा निसर्गपथही मुलींना दाखवून आणला, फार आवडला. महालक्ष्मी रेसकोर्सवर १२० एकरांचं उद्यान होतंय तेही व्हावं. पण रोज संध्याकाळी बारा वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवायचं तर मैदान घरापासून पाच मिनिटांवरच लागतं.

मार्च २०२२ मध्ये पालिकेने वातावरण कृती आराखडा आणला, २०५०पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं. पुढे २०२४ मध्ये वातावरण अर्थसंकल्पाचा, म्हणजे हवामानबदलाच्या कामांवरच्या खर्चाचा, स्वतंत्र अहवालही काढला. त्या अहवालात एक ओळ वाढवा : प्रत्येक विभागातल्या प्रत्येक खेळाच्या मैदानावर एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता सावली किती. मोजायला यंत्र नको. पंधरा पावलं चालली की कळतं. किती झाडं लावली हा आकडा दरवर्षी वाचतो आम्ही, त्यातली किती जगली हेही त्याच ओळीत आलं तर बरं.

स्वतः यावं अशी विनंती आहे. सोमवार ते शनिवार आम्ही असतोच. मैदानाचा पत्ता तुमच्या कार्यालयात कळवते, इथे नको. फाटकावरच्या फलकावर वेळ काही का लिहिलेली असेना, दुपारी फाटकाला कुलूप असतं. डावीकडचा तिसरा गज वाकलेला आहे, मुली तिथूनच आत येतात.

आपली,
परळची एक खो-खो शिकवणारी