'प्राण्यांवर चाचणी नाही' म्हणजे नक्की कशावर नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत क्रुएल्टी-फ्री, म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेल्या, मेकअप आणि परफ्यूमवर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला. विषय घेतल्याबद्दल मनापासून आभार, कारण मराठीत यावर फार कमी वाचायला मिळतं. पण त्यात एक वाक्य होतं की आता जवळपास सगळ्या मोठ्या देशांनी प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्यात, त्यामुळे डब्यावर सशाचं चित्र, म्हणजे चाचणी नसल्याची खूण, दिसलं की डोळे झाकून घ्या. हे वाक्य मला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाचून त्रास झाला, कारण मी स्वतः बरीच वर्षं असंच डोळे झाकून घेत होते.

माझं थोडं सांगते. मला सेंटची आवड फार आधीपासून. काही वर्षांपूर्वी मानेवर आणि कानामागे पुरळ यायला लागलं, खाज जाईना, शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, पाठीवर त्या छोट्या पट्ट्या चिकटवतात ती, आणि रिअॅक्शन आली ती नेमकी सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला. तेव्हापासून लेबल वाचायची सवय लागली. त्यावर बहुतेक वेळा 'परफ्यूम' हा एकच शब्द असतो आणि त्या एका शब्दात डझनावारी रसायनं बसलेली असतात. मग मी कंपन्यांना ईमेल करायला लागले की बाई, यात आहे काय आणि ते तपासलंय कशावर. एका मोठ्या कंपनीचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय: आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही, कायद्याने आवश्यक असेल तेवढं सोडून. तेव्हा मला त्या वाक्याचं शेपूट दिसलंच नाही, पहिला अर्धा भाग वाचून मी खूश. नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं की सगळी गोम त्या शेपटातच आहे, कारण कायदा कुठल्या देशाचा आणि तो नक्की कशाला बंदी म्हणतो यावर सगळं ठरतं.

आधी युरोपियन युनियन घेऊ, कारण सगळे त्याचंच उदाहरण देतात. तिथली बंदी टप्प्याटप्प्याने आली. २००४ मध्ये तयार उत्पादनाची चाचणी बंद झाली, २००९ मध्ये आतल्या घटकांची, आणि ११ मार्च २०१३ पासून कॉस्मेटिकसाठी म्हणून जगात कुठेही प्राण्यांवर नव्याने तपासलेला माल तिथे विकायलाही मनाई झाली. तयार उत्पादन आणि घटक हा फरक तुमच्या लेखात कुठेच नव्हता आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे हो! बाटलीतला तयार सेंट आम्ही सशावर कधी टाकला नाही असं कंपनी अगदी खरं बोलू शकते, आणि त्याच सेंटमधलं एखादं रसायन पुरवठादाराने दुसऱ्याच लॅबमधून प्राण्यांवर तपासून घेतलेलं असू शकतं. मग पुढचा प्रश्न आला की युरोपबाहेरच्या देशाच्या नियमासाठी कोणी चाचणी केली तर काय, ते प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल लागला की त्या चाचणीचे आकडे माल सुरक्षित आहे हे दाखवायला वापरले तर तो माल युरोपात विकता येणार नाही.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, चला, निदान एक बाजार तरी पक्का. पण युरोपात रसायनांचा वेगळा कायदा आहे, रीच म्हणतात त्याला, आणि तो कारखान्यात काम करणाऱ्या माणसांची आणि पर्यावरणाची काळजी घेतो. हे दोन कायदे एकमेकांना छेद देतात. सिमराइझ नावाची जर्मन कंपनी आहे, सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिच्या दोन सनस्क्रीन घटकांवर, होमोसॅलेट आणि एथिलहेक्सिल सॅलिसिलेट, प्राण्यांवर नव्या चाचण्या करा असं युरोपच्याच रसायन संस्थेने सांगितलं. कंपनी म्हणाली, हे घटक फक्त कॉस्मेटिकमध्येच वापरले जातात, मग बंदीचं काय. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं, कारण हाताळणाऱ्या कामगारांची सुरक्षितता हा रीचचा वेगळा विषय आहे. म्हणजे बघा, कंपनी चाचणी नको म्हणतेय आणि सरकारी यंत्रणा करा म्हणतेय. त्याच काळात चाचण्या खरोखर बंद करा म्हणून युरोपातल्या १२ लाखांहून जास्त नागरिकांनी सह्या केल्या होत्या.

ब्रिटनचं तर मला जास्त लागलं. तिथे १९९८ मध्येच कॉस्मेटिकसाठीच्या चाचण्या थांबल्या होत्या, सगळ्यांना तेच माहीत होतं, आणि २०१९ पासून सरकारने रसायन कायद्याच्या नावाखाली परत परवाने द्यायला सुरुवात केली होती. लोकांना हे कळलं ते कोर्टकचेरी झाली तेव्हा. मे २०२३ मध्ये कोर्टाने सरकारचं वागणं कायद्यात बसतं म्हटलं आणि त्यानंतर लोकांचा राग बघून त्याच महिन्यात सरकारने नवीन परवाने बंद केल्याचं जाहीर केलं. मधली चार वर्षं ब्रिटनमधले ग्राहक बंदी आहे असं समजूनच खरेदी करत होते ना.

चीनबद्दल तुमच्या लेखात दोन ओळी होत्या आणि त्या जुन्या होत्या. बरीच वर्षं चीनमध्ये बाहेरून आलेल्या कॉस्मेटिकला प्राण्यांवर चाचणी सक्तीचीच होती, त्यामुळे कित्येक ब्रँडनी तो बाजार सोडला आणि कित्येकांनी बाकी जगात ससा छापून तिथे मुकाट्याने चाचणी होऊ दिली. २०१४ मध्ये तिथे बनणाऱ्या साध्या उत्पादनांना सूट मिळाली, आणि १ मे २०२१ पासून आयात केलेल्या साध्या उत्पादनांनाही. परफ्यूम साध्यात येतो, शाम्पू, लिपस्टिक पण. अट अशी की माल बनतो त्या देशाच्या सरकारी यंत्रणेकडून कारखान्याच्या चांगल्या उत्पादन पद्धतीचं सर्टिफिकेट हवं आणि सुरक्षिततेचा पूर्ण अहवाल हवा. कागद सरकारकडून हवा हीच अडचण, कारण सगळ्या देशांत असा कागद देणारी सरकारी व्यवस्था नव्हती, फ्रान्सने ती लवकर उभी केली. आणि हेअर डाय, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीम, केसगळतीवरची उत्पादनं ही 'विशेष' मध्ये येतात, त्यांना ही सूट नाही, लहान मुलांच्या उत्पादनांचंही वेगळं आहे. म्हणून 'चीनमध्ये विकतात म्हणजे नक्की चाचणी करतात' हेही आता सरसकट म्हणता येत नाही आणि 'चीनने बंदी घातली' हेही चूक.

भारताचं मात्र अभिमानाने सांगण्यासारखं आहे आणि लेखात ते निसटलं. २०१४ मध्ये भारताने आधी देशातली चाचणी बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेल्या कॉस्मेटिकची आयातही. २०२० च्या कॉस्मेटिक नियमांत ते कायम आहे. अमेरिकेत अजून देशपातळीवर बंदी नाही, सक्तीही नाही, फक्त कॅलिफोर्निया, नेवाडा, इलिनॉय अशा राज्यांनी २०२० पासून विक्रीवर बंधनं आणली. ऑस्ट्रेलिया २०२०, मेक्सिको २०२१, कॅनडा २०२३, प्रत्येकाची तारीख वेगळी, अपवाद वेगळे.

आता यावर कोणी म्हणेल की मग माणसाच्या सुरक्षिततेचं काय. हा प्रश्न मला कोणी विचारायची गरज नाही, माझ्याच मानेने मला तो विचारलाय. १९३० च्या दशकात अमेरिकेत लॅश ल्यूर नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायका आंधळ्या झाल्या होत्या, तशा प्रकारांनंतर तिथे कॉस्मेटिकच्या सुरक्षिततेसाठी १९३८ चा कायदा आला, आणि १९४४ मध्ये ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञांची ती चाचणी आली, पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि दिवसेंदिवस बघत राहायचं. हेतू वाईट नव्हता हे मी मान्य करते. पण १९८० मध्ये प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या हेन्री स्पायरा यांनी रेव्हलॉन या मेकअप कंपनीच्या विरोधात वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन विचारलं की सौंदर्यासाठी किती ससे आंधळे करणार, आणि तेव्हापासून पर्याय शोधायला खरा पैसा लागला. आज त्वचेची जळजळ बघायला लॅबमध्ये माणसाच्या पेशींपासून वाढवलेली त्वचा वापरतात, २०१० पासून तिला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आणलेलं गाईचं बुबुळ वापरतात, म्हणजे तेही पूर्ण प्राणीमुक्त नाही हे मोकळेपणाने सांगायला हवं. माझ्यासारख्यांच्या अॅलर्जीसाठी आधी गिनिपिग आणि मग उंदीर मरायचे, २०२१ मध्ये त्यालाही प्राण्यांशिवायची मान्य पद्धत आली.

अडलंय ते दीर्घकाळ वापराच्या आणि प्रजननावरच्या परिणामांशी. लिलीच्या फुलासारखा वास देणारं लिलिअल नावाचं रसायन कित्येक सेंटमध्ये होतं, प्रजननाला घातक ठरल्यामुळे मार्च २०२२ पासून युरोपात त्यावर बंदी आली, आणि तो धोका कळला होता प्राण्यांवरच्या अभ्यासातूनच. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. माझ्या कपाटातल्या दोन बाटल्यांत ते रसायन होतं. ज्या ज्ञानाने मला वाचवलं ते कुणाच्या तरी जिवावर आलं, हे नाकारून मला पत्र लिहायचं नाहीये.

तरीही माझं मत बदललं नाही. औषधाची गोष्ट वेगळी, आजारी माणूस वाट बघत असतो. नव्या सेंटची वाट बघत कोणी मरत नाही. ज्यांच्यावर आधीच भरपूर माहिती आहे असे सुगंधी घटक इतके पडलेत की त्यातून नवीन वास बनवता येतात, आणि ज्या नव्या घटकाची खात्री प्राण्याशिवाय पटवता येत नाही तो घटक बाजारात आलाच नाही तर कुणाचंही काही अडत नाही. अशा घटकाला थांबायला सांगावं, सशाला नाही.

जाता जाता अजून एक, क्रुएल्टी-फ्री आणि व्हीगन (ज्यात प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही ते) हे शब्द लेखात एकाच अर्थाने आले होते. चाचणी न केलेल्या लिपस्टिकमध्ये मधमाशांचं मेण असू शकतं. उलट एखादं पूर्ण वनस्पतीजन्य उत्पादन प्राण्यावर तपासलेलं असू शकतं. कस्तुरी आज बहुतेक कृत्रिमच असते पण ती मृगाच्या ग्रंथीतून यायची हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि सशाची चित्रंही एकसारखी नसतात. अमेरिकेत तर क्रुएल्टी-फ्री या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही, ज्याला वाटेल त्याने छापावा. लीपिंग बनीसारख्या चिन्हासाठी कंपनीला एक ठरावीक तारीख द्यावी लागते, त्या तारखेनंतर तिने किंवा तिच्या पुरवठादारांनी चाचणी केलेली चालत नाही, आणि तपासणीही होते. बाकी बरेचसे ससे नुसतेच चित्र असतात.

म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या वेळी अशी ब्रँडची यादी छापताना प्रत्येक नावापुढे एवढं तरी द्या की कंपनीने कुठल्या तारखेपासून शब्द दिलाय, त्यात घटक आणि पुरवठादार धरलेत का, आणि 'कायद्याने आवश्यक असेल तेवढं सोडून' हे शेपूट तिच्या धोरणात आहे की नाही. आणि त्या लेखातलं ते 'सगळ्या मोठ्या देशांनी' असं वाक्य येत्या रविवारी दुरुस्त करून छापाल का? माझी बहीण तो लेख कापून पर्समध्ये घेऊन फिरतेय, खरेदीला जाताना बघायला म्हणून.

आपली,
एक नियमित वाचक