शनिवारी कॉम्प्युटर घेऊन येते

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर घेतला. शनिवारी तुतारी एक्सप्रेसने मी स्वतःच घेऊन येते, कुरियरच्या हाती द्यायला मन होईना.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यानं वापरून टाकलेलं कशाला आणतेस? माझं वहीवर चाललंय." तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून आज लिहायला बसले. वहीवर चाललेलं नाही, बाबा. आई सांगते, देवस्थानचा जमाखर्च जुळवायला तुम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसता आणि दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरायला दर वेळी बाजारपेठेत जाऊन दुसऱ्याच्या मशीनवर नंबर लावता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात शिरली, त्या दिवसापासून घरात कॉम्प्युटर नाही. एवढी वर्षं मी नुसतं "घेऊ या, घेऊ या" म्हणत राहिले, याचं मला वाईट वाटतं.

वापरलेल्या वस्तूचं म्हणाल, तर पुरानंतर आईचं शिलाई मशीन तुम्हीच सुटं केलंत. चिखल धुतलात, आठ दिवस उन्हात ठेवून तेल दिलंत. ते अजून चालतं. मीही या कॉम्प्युटरचं तेच केलंय.

ही मशीनं येतात कुठून ते सांगते. मोठ्या कंपन्या, बँका, कॉल सेंटर शेकड्यांनी कॉम्प्युटर भाड्याने घेतात आणि तीन-चार-पाच वर्षांनी सगळे एकदम बदलतात. एसी खोलीत, कापडी खुर्चीसमोर एकाच जागी चाललेली मशीनं असतात ती. घरगुती स्वस्त मशीनपेक्षा त्यांची बांधणी भक्कम असते, कारण ती रोज आठ-दहा तास चालावीत म्हणूनच बनवलेली असतात.

पण बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मी दोन शनिवार फिरले. एका दुकानात "आय फाइव्ह आहे, विंडोज ११ आहे, घेऊन जा" म्हणाले. आय फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नाव २००९ पासून चालत आलंय, त्यामुळे नुसत्या नावाला अर्थ नाही, पुढचा आकडा बघायचा. त्यावर ६५०० होतं, म्हणजे सहावी पिढी, २०१५ ची. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्याहून जुन्यावर ते आडवाटेने बसवता येतं, पण पुढे सुरक्षेचे अपडेट येतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तुम्ही त्यावर लोकांचे पॅन नंबर आणि बँकेचे पासवर्ड टाकणार, तिथे मला हजार-दोन हजार वाचवायचे नव्हते.

दुसऱ्या दुकानातलं मशीन चांगलं दिसत होतं. मी तिथेच उभी राहून विंडोज पहिल्यापासून टाकून बघायला लावलं, तर इंटरनेट जोडल्याबरोबर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा लॉगिन मागू लागलं. मशीन विकलं गेलं होतं, पण कंपनीने आपल्या नोंदीतून सोडलं नव्हतं. घरी आणल्यावर हे कळलं असतं तर मी रडले असते.

शेवटी घेतलं ते लेनोव्होचं थिंकसेंटर एम ७२० क्यू. आय फाइव्ह ८५००टी, आठवी पिढी, सहा कोअर. १४,५०० रुपये, जीएसटीच्या बिलासकट. बिलावर सिरीयल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतलीय. तुम्हाला मोठा खोका अपेक्षित असेल, पण हे आडवं ठेवलं तर जाडजूड पुस्तकाएवढं आहे, वजन सव्वा किलोच्या आसपास. लॅपटॉपसारखा बाहेरचा ६५ वॅटचा अडॅप्टर आहे, त्यामुळे लाइट गेली तरी छोटा यूपीएस बराच वेळ तग धरेल.

मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं. आतली धूळ साफ केली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, ८ जीबी रॅम होती ती १६ केली. डिस्क मात्र जुनी ठेवली नाही. ती किती तास चाललीय हे एका प्रोग्राममध्ये दिसतं आणि तो आकडा मला आवडला नाही. मशीन वापरलेलं चालेल, पण हिशेब ज्यावर राहणार ती वस्तू नवी हवी. मॉनिटरही नवाच घेतला, २४ इंची. बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुसट पडद्यावर तुम्हाला बसवायचं नाही.

आई, याला कॅमेरा आणि माइक नसतो, म्हणून वेगळा वेबकॅम आणतेय. तुझ्या गणिताच्या मुली आता फोनच्या एवढ्याशा चौकोनात दाटीवाटीने दिसणार नाहीत. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून ठेवलाय. तू पूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचीस, ते दुसऱ्याच्या मशीनवर चौकोन-चौकोन व्हायचं. आता युनिकोडमध्ये लिहिलेलं सगळीकडे वाचता येईल. कळा वेगळ्या आहेत, रविवारी आपण दोघी बसू.

कधी तारीख-वेळ चुकीची दिसली आणि बँकेची साइट उघडेना, तर घाबरू नका. आत नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की असं होतं. घड्याळाच्या दुकानात मिळतो.

बाबा, पोत्यात बांधून ठेवलेला जुना कॉम्प्युटर कुणाला देऊ नका आणि चालू करूनही बघू नका. आत चिखल शिरलेल्या डिस्कला वीज दिली तर उरलेलंही जाईल. ती डिस्क काढून मी मुंबईत दाखवते. काही निघेल असं वचन देत नाही. पण २००५ ला माझी दहावी झाल्यावर तुम्ही पीएफमधून कर्ज काढून, याच लॅमिंग्टन रोडवरून, तो खोका एसटीत मांडीवर धरून आणला होता. तो भंगारात जाणारच असेल, तर आधी मला एकदा प्रयत्न करू द्या.

यापुढे हिशेबाची प्रत दोन जागी राहील: एक तुमच्याकडच्या बाहेरच्या डिस्कवर, एक माझ्याकडे. आणि रेड अलर्ट आला की चार वायरी काढायच्या, मशीन पिशवीत घालायचं आणि वरच्या मजल्यावर काकांकडे न्यायचं. आई एका हाताने नेऊ शकेल, म्हणून तर हे लहान मशीन शोधलं.

मी येईपर्यंत एवढं करा. सुताराला बोलावून बाहेरच्या खोलीत एक फळी ठोकून घ्या, दोन इंची कोन लावून, मशीन रात्री ठेवायला. पाणी जिथवर चढलं होतं ती भिंतीवरची रेघ बाबांनी अजून रंगवू दिलेली नाही. फळी तिच्या वर हातभर.

तुमची,
मनू