‘मुका मार’ ठरवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्हातारं माणूस घरात पडलं की सगळ्यांची पहिली धडपड असते ती त्याला उभं करण्याची. दोघं जण काखेत हात घालून उठवतात, पाय टेकवून बघायला सांगतात आणि पाय टेकला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. सूज नाही, काळंनिळं नाही, चार पावलं चाललीसुद्धा, म्हणजे मुका मार! अस्थिरोग विभागात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. खुब्याचं हाड मोडलेले किती तरी रुग्ण याच समजुतीपायी उशिरा यायचे, म्हणून हे लिहिते आहे.

मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीत बसतो. त्याच्या खालचा निमुळता भाग म्हणजे हाडाची मान. हाडं ठिसूळ झाली की साध्या पडण्यानेही ती मोडते. ती सांध्याच्या आवरणाच्या आत असल्यामुळे रक्त तिथंच साठतं आणि वरून काहीच दिसत नाही. मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसली, तर माणूस लंगडत चालतोही. पण अशा पायावर भार देत राहिलं तर टोकं सरकतात आणि माथ्याला रक्त पोचवणाऱ्या, मानेलगत जाणाऱ्या वाहिन्यांना इजा होते. मग जे स्क्रू घालून भागलं असतं, तिथे कृत्रिम माथा बसवायची वेळ येते.

दुखणंही फसवं असतं. बहुतेकांना जांघेत दुखतं, पण काही जण गुडघ्यावरच हात ठेवतात. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, त्यात काही सापडत नाही आणि खुबा तपासायचा राहूनच जातो.

वॉर्डात आम्ही आधी रुग्णाच्या पायथ्याशी उभ्या राहायचो, चादर बाजूला करायचो आणि दोन्ही टाचा बघायचो. हाड सरकलं असेल तर त्या बाजूची टाच वर ओढलेली दिसते, पाय आखूड वाटतो आणि पाऊल बाहेर कललेलं असतं. एवढं दिसलं की पुढे काही करून बघायची गरजच नसते. दिसलं नाही, तर गुडघा न वाकवता टाच गादीवरून जराशी उचलता येते का, हे रुग्णालाच करू द्यावं. आपण पाय ओढू नये. टाच उचलत नसेल किंवा जांघेत कळ येत असेल, तर शेक, मालिश वगैरे काही न करता रुग्णालय गाठावं.

स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण तर दुखतंय हेही सांगू शकत नाहीत. कूस बदलताना कण्हणं, कपडे बदलताना हात झटकणं, कालपर्यंत चालणाऱ्याने आज उठायला नकार देणं याला घरचे हट्टीपणा म्हणतात, आणि कधी कधी (हे आमच्याच लोकांबद्दल लिहावं लागतंय) कर्मचारीही.

पहिल्या एक्स-रेत बारीक भेग सुटू शकते. पाय टेकवत नसेल तर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत जाऊ नये. एमआरआय किंवा तो शक्य नसेल तर सीटी स्कॅन करायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही. शस्त्रक्रिया शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावी लागते. अंथरुणात पडून राहिलं की न्यूमोनिया, शय्याव्रण, पायात रक्ताच्या गुठळ्या हे सगळं मागे लागतं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्के वर्षभरात दगावतात. त्यात आधीच्या आजारांचा वाटा मोठा असतो हे खरं, पण उशीर तरी आपल्या हातात असतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत पाय आहे त्याच स्थितीत ठेवावा, दोन्ही बाजूंना उशा लावाव्यात. लगेच शस्त्रक्रिया ठरू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी. पडताना डोकं आपटलं असेल तर तेही त्याच कागदावर लिहावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका