सहा टर्न कमी

चिपळूण,
६ जानेवारी २०२६

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. 'पोचले', एवढाच. मी 'ठीक' असं लिहिलं, पुसलं, आणि शेवटी अंगठा पाठवला. तुझी आई म्हणाली, पोटच्या पोरीला अंगठा पाठवतात का? म्हणून हे पत्र. फोनवर बोलायला घेतलं की माझा आवाज चढतो हे तुला माहीत आहे, आणि शनिवारी वालोप्याला स्टेशनवर तो चढलाच. मत्स्यगंधा वेळेवर आली असती तर भांडण झालंही नसतं. नेमका अर्धा तास रिकामा मिळाला आणि मी तोंड उघडलं. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी आपली पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. ते मी पाहिलं, तरी थांबलो नाही.

आधी कामाचं. सोबतच्या खोक्यात चकल्या आहेत, तू विसरलेला चार्जर आहे, आणि कुळथाचं पीठ आहे. हॉस्टेलवर कुळथाच्या पिठाचं काय करणार असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, पीठ मात्र आत गेलं.

त्या गणिताबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही, असं ठरवूनच बसलोय.

तू घरी आलीस त्या दिवसापासून ११-११ वाजेपर्यंत झोपत होतीस. मी दोनदा बोललो, आईने मला गप्प केलं. चार आठवड्यांची सुट्टी आणि त्यातली निम्मी झोपेत, हे मला आधी पटलं नव्हतं. मग एकदा जेवताना तू ताट पुढे ओढलंस तेव्हा मनगट दिसलं. त्यानंतर मी झोपेबद्दल बोललो नाही. जेवत जा. मेसचं आवडत नसेल तर बाहेर जेव, पैशांचा विचार करू नकोस. रात्री २ पर्यंत फोन बघत बसायचं आणि सकाळी नाश्ता बुडवायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत. असो. पुन्हा सुरू झालो. राहू दे.

२८ तारखेच्या रविवारी आत्याचा ओम आणि त्याचे चार मित्र पडवीत तुझ्याभोवती बसले होते, तेव्हा मी आत माळ्यावरून मोटारींचं इन्सुलेशन तपासायची जुनी मेगरची पेटी काढत होतो. चोरून ऐकत नव्हतो. पडवीतलं बोलणं माळ्यावर ऐकू येतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आधी मला फार बरं वाटलं. किती नीट सांगत होतीस! जेईईनंतर कॉलेजांचे पर्याय भरताना कट-ऑफ बघून घाबरू नका, मनात ज्या क्रमाने हवं त्या क्रमानेच भरा, यादी लांबलचक ठेवा. फ्लोट म्हणजे हातची जागा धरून वरच्या पर्यायाची वाट बघणं, स्लाइड म्हणजे त्याच कॉलेजात वरची शाखा, फ्रीझ म्हणजे विषय संपला. २०२४ च्या जूनमध्ये तुला नागपूरची एनआयटी लागली तेव्हा मी म्हणत होतो की घे, एनआयटीत निम्म्या जागा आपल्या राज्याच्या मुलांना असतात, पुन्हा मिळायचं नाही. तू फ्लोट केलंस आणि सुरतकल मिळालं. माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस, हे तेव्हा बोलायचं राहून गेलं.

नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याचंही तू बरोबर सांगितलंस. केंद्राचा नमुना वेगळा, आणि दाखला १ एप्रिलनंतरचाच लागतो. त्यात माझं नाव न घेता 'आमच्याकडे एकदा चुकीचा निघाला होता' म्हणालीस. चूक माझीच होती, फॉर्म मीच राज्याचा भरला होता. त्या मुलांच्या बापांना सांग की एप्रिल उजाडला की रांगेत उभे राहा. आणि ओमला तू बोर्डाचं बजावलंस ते फार गरजेचं होतं. जेईईत कितीही पडले तरी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव नसेल तर एनआयटीचं दार बंद, हे मी त्याला सांगितलं तर तो हसतो. तू सांगितल्यावर त्याच रात्री जर्नल पूर्ण करायला बसला. आत्या विचारत होती, मनूने काय जादू केली.

मग त्यातल्या एकाने, चष्मा लावतो तो, विचारलं, "ताई, तिकडे गेल्यावर अवघड जातं का?"

तू लगेच बोलली नाहीस. मी पेटी खाली ठेवली. मग तू म्हणालीस, पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झाले होते. क्लासमध्ये पहिली यायचे, तिकडे सगळेच पहिले आलेले. महिनाभर रोज रात्री बाथरूमचा नळ सोडून रडायचे. मेमध्ये तिथेच थांबून पेपर पुन्हा देऊन सोडवला.

मे महिन्यात तू आम्हाला प्रोजेक्ट आहे म्हणाली होतीस. मी अख्ख्या गल्लीत सांगितलं की मनूला प्रोजेक्टसाठी थांबवून घेतलंय. बँकेतल्या कॅशियरला सांगितलं, त्याने विचारलंही नव्हतं. मंगळुरूला निघालेल्या ट्रकवाल्याकडे तुझ्यासाठी हापूसची पेटी दिली, प्रोजेक्टवाल्या सगळ्यांना वाट म्हणून. ते आंबे कोणी खाल्ले गं?

पण मला लागलं ते हे नाही. नापास होतात माणसं. मी आयटीआयला वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये दोनदा बसलोय, आजोबांना विचार, ते अजूनही सांगतात. लागलं ते पुढचं वाक्य. "घरी सगळं सांगत बसू नका, त्यांना झोप येत नाही आणि तुम्हाला आणखी एक काम होतं." चष्मावाल्या मुलाने मान हलवली, जणू लिहूनच घेतलं. त्याचा बाप रोज संध्याकाळी माझ्या दुकानासमोरून घरी जातो.

स्टेशनवर मी म्हणालो, लपवलंस. तू म्हणालीस, लपवलं नाही, सांगितलं नाही. मी म्हणालो, एकच ते. गाडीत बसल्यावर तू खिडकीशी आली नाहीस.

आता बघ, लिहिणार नव्हतो आणि त्यावरच दोन पानं झाली.

तुला वाटत असेल की मला निकालाची काळजी आहे. ती नाही. पेपरात कुठल्या हॉस्टेलची बातमी आली की आई ते पान दुमडून गादीखाली ठेवते आणि मी दुकानात दुसरा पेपर घेऊन तीच बातमी वाचतो. हे आम्ही एकमेकांना सांगत नाही. त्या महिन्यात तू रोज ९ ला फोन करायचीस, 'जेवले, झोपते' म्हणायचीस, आणि मी 'छान' म्हणून ठेवायचो. नळ सोडलेला असायचा तो त्या फोनच्या आधी की नंतर, एवढंच मला विचारायचंय. सांगितलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही.

२०२१ चा पूर आठवतो ना? २२ जुलै. दुकानात पाणी शटरच्या वरपर्यंत होतं, चिखल ओसरायला आठवडा लागला. पण मग गावातला प्रत्येक पंप, प्रत्येक चक्की, प्रत्येक मिक्सर दारात येऊन पडला. स्टेटर गोड्या पाण्याने धुवायचे, वाळवायचे, मेगर लावायचा, इन्सुलेशन गेलेलं असेल तर कापून नवं वाइंडिंग भरायचं. माझ्याच्याने एकट्याने होत नव्हतं. तुझी दहावी, शाळा फोनवर, म्हणून तू संध्याकाळी यायचीस. जुनी कॉईल कापायच्या आधी टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजून वहीत लिहायचे, हे काम मी तुझ्याकडे दिलं. नखाने एकेक तार बाजूला करत, ओठ हलवत मोजायचीस. तुझी बोटं बारीक, माझ्यापेक्षा चोख मोजायचीस.

एके रात्री तू मला उठवलंस. "बाबा, माझं चुकलं. ६२ लिहिलेत, ६८ होते." गोवळकोटची ती तीन हॉर्सपॉवरची मोटार. भरून झाली होती, वार्निश लावून झालं होतं, सकाळी न्यायला येणार होते. सहा टर्न कमी असलेली मोटार चालते, पण जास्त करंट ओढते, तापते आणि महिन्या दोन महिन्यांत जळते. तू गप्प राहिली असतीस तर कोणाला कळलंही नसतं. पंधरा वर्षांची पोर, रात्री १ वाजता बापाला उठवून सांगते! हे मी गेल्या चार वर्षांत किती जणांना सांगितलं असेल. सुरतकलला इलेक्ट्रिकल मिळालं तेव्हा पेढे वाटतानाही हेच सांगत होतो.

परवा रात्री हेच मी आईला सांगत होतो. म्हटलं, तेव्हा सहा टर्नसाठी उठवणारी मुलगी आता वर्षभर तोंड उघडत नाही, कुठे बिघडलं?

आई म्हणाली, "तुम्ही त्या रात्री काय केलंत ते आठवतं का?"

मला खरंच आठवत नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही ओरडलात. एवढ्या तांब्याचं भंगार केलंस म्हणालात, उद्यापासून दुकानात पाऊल टाकू नकोस म्हणालात. मनू दारात उभी राहून ऐकत होती आणि नंतर गेली.

आणि खरंच, तू त्यानंतर आली नाहीस. मी समजत होतो की दहावीचा अभ्यास वाढला.

हे वाचून तू लगेच 'अहो बाबा, तसं काही नाही' असं लिहू नकोस. मला काल दिवसभर काम सुचलं नाही. ती वही काढली. ६२ खोडून ६८ केलंय, तुझंच अक्षर. इतकं जोरात खोडलंय की मागच्या पानावर उमटलंय.

सुट्टीत एका दुपारी तू दुकानात आलीस आणि पुठ्ठ्यावर तीन बाण काढून मोटारीच्या स्टार जोडणीत ४१५ व्होल्टचे २४० का होतात ते दाखवलंस. तीस वर्षं मी पाठ म्हणून जोडतोय, १.७३२ ने भाग, झालं. तो आकडा बाणांतून निघतो हे मला माहीत नव्हतं. मी 'हं' म्हणालो आणि बेअरिंग ठोकत राहिलो. तो पुठ्ठा मी खिळ्याला अडकवलाय. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो. थोडं चुकतंही असेल.

ओमची परीक्षा जानेवारीच्या अखेरीस आहे, त्याला मध्ये एकदा फोन कर. आणि त्या चष्मावाल्या मुलालाही कर, नंबर ओमकडे आहे. त्याला काय सांगायचं ते तू ठरव. मी सांगायला गेलो तर माझा आवाज चढेल.

या सेमिस्टरचा निकाल लागला असेल तर... नाही. तुला वाटेल तेव्हा.

आजी म्हणते, पाठीमागच्या रायवळला मोहोर आलाय ते मनूला लिही. लिहिलं.

तुझे,
बाबा

ता. क. : वहीचं ते पान फाडून पाठवणार होतो. पण त्याच्या मागे गोवळकोटवाल्यांचा हिशोब आहे आणि त्यांनी अजून ४०० रुपये दिलेले नाहीत.