नळी काढल्यावर काय, ते छापा

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. ऑपरेशन करणाऱ्या रोबोटचा फोटो झकास आलाय. टाके लहान, रक्तस्राव कमी, पेशंट दोन-तीन दिवसांत घरी. मान्य. घरी गेल्यावर त्याचं काय होतं, यावर मात्र अवाक्षर नाही.

प्रोस्टेट ग्रंथी काढायचं हे ऑपरेशन माझंही झालंय. नंतर लघवीची नळी काढली त्या दिवशी दवाखान्याच्या लिफ्टमध्येच पँट भिजली. हे बहुतेकांना होतं, काही महिन्यांत, फार तर वर्षभरात बरंचसं आटोक्यात येतं, एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर लिफ्टमनसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं. डिस्चार्ज कार्डावर काय, तर जड उचलू नका आणि तिखट कमी खा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम मला शिकवला तो सुनेच्या बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी! गॅस अडवताना आवळतो तसं आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं, श्वास कोंडायचा नाही; खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधीही तेच. खरं तर हे ऑपरेशनच्या आधीच शिकवायला हवं.

दुसरी गोष्ट, नवरा-बायकोच्या संबंधांची, विचारायला फार धीर करावा लागला. डॉक्टरसाहेब हसले. "काका, या वयात आता काय करायचंय?" सौ. शेजारीच बसली होती. अहो, १९८२ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांनी ताठरतेच्या नसा वाचवून हे ऑपरेशन करून दाखवलं. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच कोणाला तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नव्हता. नसा वाचल्या तरी पूर्ववत व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, तोवर गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत. हे सांगायला हसण्याइतकाच वेळ लागला असता.

जाता जाता, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला गेलं की जे स्वच्छतागृह सापडावं त्याला कुलूप. मे महिन्याच्या उन्हात आमच्यासारख्यांनी पाणी न पिता फिरावं काय? लघवी घट्ट झाली की जळजळ आणि घाई आणखीच वाढते. यावरही कधी रोबोटाएवढा फोटो छापा.

माझं नाव मात्र छापू नका. अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्या मंडळींना माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं असं माहीत आहे.

– एक ज्येष्ठ वाचक, नागपूर